बाई, आजीची साखर माझ्यातपण आली का?

मुलांनो, मागच्या पंधरवड्यातली गोष्ट. मधली सुट्टी संपत आली होती. चौथीतली एक मुलगी माझ्या टेबलापाशी येऊन घुटमळत उभी राहिली. डबा खाऊन झालेला, हात धुऊन झालेले, पण पोरगी काही खेळायला जाईना. "काय गं?" म्हटलं, तर हळूच म्हणाली, "बाई, आमच्या आजीला साखर आहे. आता बाबांनापण निघाली. आत्या म्हणते, आमच्या घराण्यातच आहे. मग ती माझ्यातपण आली असेल ना?"

मी वह्या तपासत होते. वर न बघताच म्हणून गेले, "छे गं! गोड कमी खा म्हणजे काही होत नाही."

त्याच वेळी मागच्या बाकावरच्या एका मुलाने मान खाली घातली. तो मुलगा रोज इन्सुलिनचं इंजेक्शन घेतो. त्याला मधुमेह आहे, आणि तो गोड खाऊन झालेला नाही. घंटा झाली, पुढचा तास सुरू झाला, पण मला घरी जाईपर्यंत चुटपुट लागून राहिली. एका वाक्यात मी दोन मुलांना चुकीचं उत्तर दिलं होतं. म्हणून आजचं हे पान त्या दोघांसाठी. तुम्हीही वाचा, आणि घरात कुणाला 'साखर' असेल तर त्यांनाही वाचून दाखवा.

आधी एक कोडं. तुमच्या आईच्या किंवा बाबांच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. त्या सगळ्या रक्तात मिळून साखर किती असेल, सांगा पाहू? वाटीभर? मूठभर? नाही. उपाशीपोटी फक्त एक चहाचा चमचा! म्हणजे जेमतेम ५ ग्रॅम. तुम्ही दोन आंबे खा, भाताची मूद खा, उकडीचे चार मोदक खा, पोटातून बरीच साखर रक्तात येते आणि दोनएक तासांत रक्त पुन्हा त्या चमच्याच्या आसपास येऊन थांबतं. हे कोण करतं? जठराच्या मागे आडवी पडलेली एक ग्रंथी करते. तिचं नाव स्वादुपिंड. लांबी वीतभर, वजन शंभर ग्रॅमच्या आतबाहेर.

१८६९ साली जर्मनीत पाउल लँगरहान्स नावाचा एक विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाखाली स्वादुपिंडाचे काप बघत होता. वय अवघं २१. त्याला आजूबाजूच्या पेशींपेक्षा वेगळ्या दिसणाऱ्या पेशींचे छोटे छोटे पुंजके दिसले, जणू समुद्रातली बेटं. ती बेटं काय करतात हे त्याला सांगता आलं नाही, पण आज ती त्याच्याच नावाने ओळखली जातात. आपल्या स्वादुपिंडात अशी सुमारे दहा लाख बेटं असतात. त्यांतल्या बीटा नावाच्या पेशी इन्सुलिन बनवतात. इन्सुलिन रक्तातून स्नायूंपर्यंत, चरबीपर्यंत जातं आणि तिथल्या पेशींना सांगतं, "साखर आलीय, दार उघडा." दार उघडलं की साखर आत जाते आणि रक्तातली कमी होते. इन्सुलिन कमी पडलं, किंवा त्याचा निरोप पेशी ऐकेनाशा झाल्या, की साखर रक्तातच साचते. तोच मधुमेह.

इथपर्यंत तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. खरी गंमत पुढे आहे.

इन्सुलिन कसं बनवायचं याची कृती लिहून ठेवलेली असते. ५१ मणी, दोन माळा, कुठल्या मण्यानंतर कुठला मणी, सगळं. ही कृती म्हणजे एक जनुक. अशा सुमारे वीस हजार कृतींचं एक जाडजूड पुस्तक आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतं. त्याला डीएनए म्हणतात. बरं का, प्रत्येक पेशीत अख्खं पुस्तक! म्हणजे इन्सुलिनची कृती तुमच्या नाकाच्या शेंड्यातल्या पेशीतही आहे आणि पायाच्या अंगठ्यातही. मग नाकातून इन्सुलिन का नाही तयार होत?

कारण पुस्तक असलं तरी ते पान उघडलेलं नसतं.

आपल्या रत्नागिरीच्या मुलांना हे समजायला काहीच अवघड नाही. तुमच्या परसातला किंवा शेजारच्या बागेतला हापूस आठवा. पावसाळा संपला की बागायतदार आभाळाकडे आणि थर्मामीटरकडे डोळे लावून बसतात. थंडी चांगली पडली तर फांदीच्या टोकाला मोहोर येतो. थंडी रुसली तर त्याच फांदीच्या टोकाला नुसती तांबूस पालवी फुटते आणि आंबेवाल्याच्या कपाळाला आठ्या पडतात. झाड तेच, फांदी तीच, आतलं पुस्तकही तेच. मोहोराची कृती त्यात आहेच. पण ते पान उघडायला थंडीचा निरोप यावा लागतो. कुठलं पान कधी उघडायचं, किती वेळ उघडं ठेवायचं आणि कधी मिटायचं, याला शास्त्रज्ञ 'जनुकांचं नियमन' म्हणतात. शब्द भारदस्त आहे, पण गोष्ट मोहोराचीच.

स्वादुपिंडातलं पान उघडणारी माणसं, चुकले, प्रथिनं, वेगळी असतात. त्यांतल्या एकाचं नाव पीडीएक्स-१. नाव लक्षात नाही राहिलं तरी चालेल, काम लक्षात ठेवा. हे प्रथिन इन्सुलिनच्या पानाशेजारी जाऊन बसतं आणि "वाचा" म्हणून सांगतं. जेवल्यावर बीटा पेशीत साखर शिरली की त्याची लगबग वाढते. तेच प्रथिन बाळ पोटात असताना स्वादुपिंड तयार व्हायलाही लागतं. उंदरांमधलं हे जनुक शास्त्रज्ञांनी काढून टाकून पाहिलं, तर पिल्लं स्वादुपिंडाशिवायच जन्मली! पुस्तकात इन्सुलिनची कृती अगदी बिनचूक होती. पण पान उघडणारंच कुणी नाही, मग काय उपयोग?

माणसांतही असं थोडं फार घडतं. काही घराण्यांत पान उघडणाऱ्या अशा एखाद्या प्रथिनाच्या जनुकातच चूक असते आणि मग तरुणपणीच मधुमेह होतो, तोही आजी, बाबा, मुलगी असा सरळ पिढ्यान्‌पिढ्या. १९९६ आणि १९९७ साली अशी काही जनुकं सापडली. पण हा प्रकार फार कमी लोकांत असतो. आपल्या आजूबाजूला दिसणारा मधुमेह बहुतेक करून असा एका चुकीने होत नाही. त्यात कितीतरी जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो, आणि डीएनएमधले त्याच्याशी नातं असलेले बहुतेक बदल कृतीच्या ओळींत नसतातच! ते असतात कृतीच्या आजूबाजूला, जिथे पान उघडायच्या-मिटायच्या सूचना असतात तिथे.

आता मागच्या बाकावरच्या माझ्या दोस्ताबद्दल. मधुमेहाचे दोन मुख्य प्रकार. लहान मुलांना होतो तो बहुधा पहिला प्रकार. त्यात शरीराचं स्वतःचंच सैन्य, जे एरवी रोगजंतूंशी लढतं, ते चुकून बीटा पेशींवर तुटून पडतं. यात लाडू-पेढ्यांचा काही संबंध नाही, त्या मुलाचा किंवा त्याच्या आईबाबांचा काही दोष नाही. आणि हा शिवल्याने, डबा वाटून खाल्ल्याने कुणाला होत नाही. बीटा पेशीच उरत नाहीत म्हणून त्याला बाहेरून इन्सुलिन घ्यावं लागतं. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातल्या टोरांटो शहरात ते पहिल्यांदा एका रुग्णाला टोचलं. तो लेनर्ड थॉम्पसन नावाचा १४ वर्षांचा मुलगा होता, मरणाच्या दारात होता. तो त्यानंतर तेरा वर्षं जगला. आजची मुलं तर इन्सुलिन घेऊन क्रिकेट खेळतात, परीक्षा देतात, म्हातारी होतात. अजून एक ताजी खबर: शास्त्रज्ञांनी साध्या मूळ पेशी घेतल्या, पानं उघडायचे निरोप त्यांना एकामागून एक दिले आणि प्रयोगशाळेत त्यांच्या बीटा पेशी बनवल्या. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा पेशींची पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ मोठ्या माणसांपैकी १० जणांना वर्षभराने इन्सुलिन टोचून घ्यायची गरज उरली नव्हती. अजून रस्ता लांब आहे, त्यांना इतर जोरकस औषधं घ्यावी लागतात. पण पान उघडायची किल्ली हाताला लागलीय हे नक्की.

आजीचा आणि बाबांचा मधुमेह दुसऱ्या प्रकारचा. यात काय होतं? अंगात, विशेषतः पोटात चरबी साठली की पेशी इन्सुलिनचा निरोप नीट ऐकत नाहीत. मग बीटा पेशी आणखी इन्सुलिन बनवतात. अजून बनवतात. वर्षानुवर्षं जादा पाळी! शेवटी साखर चढलेलीच राहते, आणि सतत चढलेली साखर बीटा पेशीत पान उघडणाऱ्या त्या प्रथिनांनाच बिघडवते. कृती शाबूत, पण वाचणारे थकलेले. २०१२ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांना उंदरांमध्ये एक नवल दिसलं. मधुमेह झाला तेव्हा त्यांच्या बऱ्याच बीटा पेशी मेल्या नव्हत्या. आपण बीटा पेशी आहोत हेच त्या विसरल्या होत्या! आपली पानं मिटून त्या पुन्हा कच्च्या, लहानपणीच्या पेशींसारख्या झाल्या होत्या.

वाईट वाटलं ना? पण विसरलेलं आठवूही शकतं. ब्रिटनमध्ये एका चाचणीत अलीकडेच मधुमेह झालेल्या लोकांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली बरंच वजन उतरवलं. २०१७ साली निकाल आला: वर्षभरानंतर त्यांतल्या जवळजवळ निम्म्या लोकांची साखर औषधांशिवाय ताब्यात होती. (हे वाचून आजीची गोळी कुणी बंद करायची नाही हं! ते डॉक्टरांनीच ठरवायचं.)

तर, "माझ्यातपण आली का?" तिच्या या प्रश्नाचं उत्तर शोधायला आपल्याला घाट चढून पुण्याला जायला हवं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक नावाचे मधुमेहाचे मोठे संशोधक आहेत. त्यांचा एक किस्सा जगभरच्या डॉक्टरांना माहीत आहे. इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन त्यांचे मित्र. उंची आणि वजन यांचं गणित करून एक आकडा काढतात, तो दोघांचा अगदी सारखा आला, २२.३. दोघेही सडपातळ. मग यंत्रावर अंगातली चरबी मोजली. युडकिनसाहेबांची ९.१ टक्के, आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! दुपटीहून जास्त. दोघांनी आपला फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापला. दिसायला बारीक, पण आतून चरबीदार, हे आपल्या लोकांचं वैशिष्ट्य त्या एका फोटोत सगळ्यांना दिसलं.

पण हे सुरू कधी होतं? याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत बायकांची नोंद ठेवायला सुरुवात केली. त्या काय खातात, किती कष्ट करतात, पुढे त्यांची बाळं केवढी होतात. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन शहरातल्या बाळांशी तुलना केली. तिथलं बाळ सरासरी साडेतीन किलोचं, आपलं २.७ किलोचं. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोट लहान. पण पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ तिथल्या बाळांइतकी. म्हणजे अंगात चरबी साठवायची सवय पोटातूनच लागून आलेली! जणू बाळाने आतूनच अंदाज बांधला, की बाहेर दुष्काळ आहे, साठवून ठेवलेलं बरं. आणि बाहेर येऊन पाहतं तो काय, बिस्किटं, शेव, वडापाव, टीव्ही.

हा अंदाज बाळ लिहून कुठे ठेवतं? पुस्तक तर तेच असतं, त्यातली अक्षरं बदलत नाहीत. पण पानांवर बारीक खुणा चिकटवता येतात. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन एवढीच ती खूण, तिचं नाव मिथाइल. जिथे ती चिकटते तिथलं पान बहुधा मिटलेलं राहतं. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भयंकर उपासमार झाली. त्या वेळी जे जीव आईच्या पोटात नुकतेच रुजत होते, त्यांची साठ वर्षांनंतर तपासणी केली. त्यांच्या एका जनुकावरच्या खुणा त्यांच्याच सख्ख्या भावंडांपेक्षा वेगळ्या निघाल्या. साठ वर्षं टिकलेली खूण! आजोबा झाले तरी.

आणि आता स्वयंपाकघरात या. या खुणा बनायला शरीराला काही जीवनसत्त्वं लागतात. त्यांतलं एक फोलेट, ते हिरव्या पालेभाज्यांत असतं. दुसरं बी-१२. ते दूध, दही, ताक, अंडी, मासे, मटण यांत असतं, भाजीपाल्यात जवळजवळ नसतंच. पुण्याजवळच्या त्या खेड्यांतल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायांच्या रक्तात बी-१२ कमी होतं. २००८ साली दिसलं, की ज्यांच्यात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांची मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा त्या मुलांच्या पेशी इन्सुलिनचं सर्वांत कमी ऐकत होत्या. सहा वर्षांची मुलं, पहिलीच्या वर्गातली! पुढे हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी पुण्याच्या डॉक्टरांबरोबर काम केलं. मुलांना बी-१२ दिल्यावर त्यांच्या डीएनएवरच्या काही खुणा बदलल्या, आणि त्यांत मधुमेहाशी नातं असलेली जनुकंही होती. हे २०१८ साली प्रसिद्ध झालं. अर्थात त्यांनी तपासलं ते रक्त. जिवंत मुलाच्या स्वादुपिंडाचा तुकडा काही कुणी काढून बघत नाही, त्यामुळे तिथल्या खुणांचा अंदाज असा लांबूनच घ्यावा लागतो.

आता परत कोकणात उतरू या. आपल्याच जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यात डेरवण आहे. शिवसृष्टी बघायला सहलीला गेला असाल. तिथल्या वालावलकर रुग्णालयानेही असाच एक अभ्यास हाती घेतला आहे. त्यांनी सुरुवात बाळांपासून केली नाही, गरोदर बायांपासूनही नाही. सुरुवात केली आपल्या कोकणातल्या १६ ते १८ वर्षांच्या मुलींपासून. म्हणजे तुमच्या ताया! त्यांचं वजन, रक्त, खाणंपिणं तपासून पुढची कित्येक वर्षं, त्यांचं लग्न, त्यांची बाळं, इथवर माग ठेवायचा असा बेत आहे. कारण उघड आहे. बाळाच्या पानांवर खुणा चिकटतात त्या अगदी पहिल्या दिवसांत, आईला बाळाची चाहूल लागायच्याही आधी. डोहाळजेवणाला पंचपक्वान्नं वाढून ती वेळ परत येत नाही.

पालकहो, आता एक विचारू? रागावू नका. तुमच्या घरी शेवटी कोण जेवतं? मी दरवर्षी वर्गात विचारते आणि दरवर्षी उत्तर ठरलेलं असतं. आई. पुष्कळदा आई आणि ताई. कालवण आटलेलं असतं, बांगड्याचा मधला तुकडा बाबांना नि दादाला गेलेला असतो, दूध संपलेलं असतं. मिरकरवाड्याला मासळीच्या होड्या लागतात अशा गावात आपण राहतो. तारली, बांगडा ही स्वस्तातली मासळी बी-१२ ने भरलेली आहे. शाकाहारी घरांत वाटीभर दही, ग्लासभर ताक आहे. पुण्याजवळच्या खेड्यांतही असंच दिसलं होतं, की ज्या आया पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खात त्यांची बाळं अंगाने भरलेली होती. महाग काहीच नाही यात. वाटणी तेवढी बदलायची आहे. (आणि हो, मुलांसाठीही सांगते. शाळेतून आल्यावर मोबाइल घेऊन बसलात तर स्नायूंची दारं गंजतात. पळा, खो-खो खेळा. स्नायू हलले की इन्सुलिनचा निरोप त्यांना पटकन ऐकू येतो.)

परवा मी त्या मुलीला मधल्या सुट्टीत बोलावलं आणि पहिलं म्हणजे माझं उत्तर मागे घेतलं. मग म्हटलं, "आजीकडून तुला मधुमेह आलेला नाही. आलंय ते पुस्तक, आणि थोड्या खुणा. तुला तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त आहे, हे खरं, तुला खोटं कशाला सांगू? पण तुझी बरीच पानं अजून उघडमीट करतायत." तिने थोडा विचार केला आणि विचारलं, "म्हणजे थंडी पडायचीय अजून?" कोकणातली पोरगी ती! मागच्या बाकावरच्या दोस्ताचीही माफी मागितली. तो म्हणाला, "असू दे बाई, सगळे तसंच म्हणतात." हे वाक्य मला माझ्या चुकीपेक्षा जास्त लागलं. तुम्ही तरी तसं म्हणू नका.

या आठवड्याचं काम सोपं आहे. जन्मलात तेव्हा तुमचं वजन किती होतं, ते आईला विचारा. तिच्याकडे तुमचं जुनं लसीकरणाचं कार्ड असेल, त्यावर बहुधा लिहिलेलं सापडेल. मग आईचं जन्माचं वजन आजीला विचारा. आजीला किलो आठवणार नाहीत, पण "मुठीएवढी होती" किंवा "चांगली गुटगुटीत होती" असं काहीतरी नक्की सांगेल. आणि त्या वर्षी घरात खायला काय होतं, तेही तिलाच विचारा. वहीत लिहून ठेवा. सगळ्यांत चांगली तीन उत्तरं पुढच्या महिन्यात इथे छापू.